आईच्या पाटलीची पावती

बजेटचा दिवस आला की आमच्या घरी टी.व्ही. कुणी बंद करत नाही. 'हे' होते तेव्हा बजेट संध्याकाळी पाचला असायचं आणि हे वही-पेन्सिल घेऊन रेडिओपाशी बसायचे. आता ते सकाळी अकराला असतं आणि मुलगा मोबाईल घेऊन टी.व्ही.समोर बसतो, एवढाच काय तो फरक. २०२५ साली १ फेब्रुवारी शनिवारी आली होती, त्यामुळे सगळेच घरी होते. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला नव्या पद्धतीत आयकर नाही असं जाहीर झालं आणि मुलानं टाळीच वाजवली. सून आतून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "म्हणजे आता पोळ्यांना बाई ठेवायला हरकत नाही!"

माझी नात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिला बारा लाखांचं काही कौतुक नव्हतं, कारण तिचं उत्पन्न शून्य. दुपारी जेवणं झाल्यावर ती बाकीचे आकडे वाचून दाखवू लागली. संरक्षण खात्याला ६ लाख ८१ हजार २१० कोटी. गृह खात्याला २ लाख ३३ हजार कोटी. आणि भूतानला मदत २,१५० कोटी.

"भूतानला?" मुलगा ताडकन म्हणाला. "आपल्या गल्लीतला दिवा चार महिने बंद आहे, आणि हे भूतानला वाटत सुटलेत!"

"बाबा, तसं नसतं ते," नात म्हणाली. झालं, दोघांची जुंपली. शेवटी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, तुला काय वाटतं?"

एरवी मला असं कुणी विचारलं की "मला मेलीला काय कळतंय त्यातलं" म्हणून मी उठते आणि चहा टाकते. त्या दिवशी उठले नाही. म्हटलं, "थांब, तुला एक गोष्ट दाखवते." कपाटातून आईचा हळदीकुंकवाचा लाकडी डबा काढला आणि त्याच्या तळाशी घडी घालून ठेवलेला, कडांना पिवळा पडलेला एक कागद तिच्या हातात दिला.

मैत्रिणींनो, त्या कागदाचीच ही गोष्ट आहे.

* * *

१९६२ साली मी नऊ वर्षांची होते. आम्ही साताऱ्याला एका जुन्या वाड्यात भाड्यानं राहत होतो. वडील, म्हणजे अण्णा, कचेरीत कारकून. घरात आजी, आई, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी ताई आणि मी. दिवाळीच्या तोंडावर, २० ऑक्टोबरला चीननं हल्ला केला. सातारा जिल्ह्याला लढाई कधीच लांबची वाटली नाही. घरटी एक माणूस पलटणीत, अशी गावं आमच्या आसपास होती. अपशिंगे गावाच्या नावापुढे तर लोक 'मिलिटरी' असंच लावतात. आमच्या वाड्यात मागच्या खोलीत राहणाऱ्या काकूंचा थोरला मुलगा फौजेत होता. त्या दिवाळीत काकूंनी कढई चढवली नाही, म्हणून आईनंही चढवली नाही. चकली नाही म्हणून मी भोकाड पसरलं होतं आणि आजीनं पाठीत एक धपाटा घातला होता.

नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. कराडचा माणूस, म्हणजे आमच्या घरचाच! सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असं जो तो म्हणायचा. बायका दुपारच्या वेळी एकत्र बसून जवानांसाठी लोकरीचे मोजे आणि मफलर विणायच्या. आम्हा मुलांनी शाळेत खाऊचे पैसे दिले. आणि गावोगाव राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी पैसे आणि सोनं गोळा होऊ लागलं.

एका सकाळी आई न्हाणीघरात हाताला साबण चोळत बसलेली दिसली. डाव्या हातातली पाटली घट्ट झाली होती, ती ती काढत होती. मला वाटलं, हात सुजला असेल. दुपारी तिनं माझी वेणी घातली, स्वतः धुवट नऊवारी नेसली आणि मला घेऊन सभेच्या ठिकाणी गेली. टेबलापाशी रांग होती. कुणी अंगठी देत होतं, कुणी कानातलं. आईची पाळी आली तेव्हा तिनं पदराच्या गाठीतून पाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "वजन करून लिहा, आणि पावती द्या."

टेबलामागचे गृहस्थ भले होते, पण घाईत होते. हसून म्हणाले, "वहिनी, देशाला देताना पावती कसली मागता?"

आई म्हणाली, "देशाला देतेय म्हणूनच मागते. भाजीवालीला दिले असते तर नसती मागितली."

रांगेतल्या बायका हसल्या. मला मात्र लाजेनं मेल्यासारखं झालं. पण वजन झालं आणि पावती मिळाली. सोन्याची पाटली, नग एक, तेवीस ग्रॅम. खाली सही आणि शिक्का.

* * *

घरी काय झालं ते विचारू नका. आजीनं तोंडाचा पट्टा सोडला. "जोडातली एक देऊन आलीस? द्यायची तर दोन्ही द्यायच्या, नाहीतर अंगठी द्यायची. जोड मोडतं का कुणी?" आईचं म्हणणं असं की पाटल्या तिच्या माहेरच्या, म्हणजे तिच्या हक्काच्या. एक देशाची, एक घरची. अण्णा वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसले ते रात्रीपर्यंत वर बघायला तयार नव्हते.

पुढे जानेवारी १९६३ मध्ये मोरारजीभाईंचा सुवर्णनियंत्रणाचा हुकूम निघाला. चौदा कॅरेटपेक्षा जास्त कसाचा नवा दागिना करायला बंदी! आमच्या पेठेतल्या सोनाराच्या दुकानात शुकशुकाट झाला. आजीला आयतंच कोलीत मिळालं. "आता कर नवी पाटली चौदा कॅरेटची, पितळेसारखी!" त्याच वर्षीच्या बजेटात संरक्षणाचा खर्च दुपटीच्याही पुढे जाऊन ८६७ कोटींवर गेला होता, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळायचं की घरात साखर जपून वापरायची, आणि आईच्या उजव्या हातात पाटली आहे तर डाव्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. हळदीकुंकवाला कुणी विचारलं, "अहो, दुसरी कुठंय?" तर आई शांतपणे म्हणायची, "सरहद्दीवर आहे."

उन्हाळ्यात काकूंचा मुलगा सुट्टीवर आला. जिवंत आला, म्हणून काकूंनी वाडाभर पेढे वाटले. पण तो लंगडत होता. बर्फात पायाची दोन बोटं गेली होती. आईनं त्याला जेवायला वाढलं तेव्हा तो सांगत होता की अंगात सुती कपडे आणि पायात कॅनव्हासचे बूट घालून मंडळी हिमालयात उभी होती. आई वाढता वाढता थांबली. "बर्फात कॅनव्हासचे बूट?" एवढंच ती म्हणाली. रात्री झोपताना मला ऐकू आलं, ती अण्णांना विचारत होती, "इतक्या वर्षांत कुणालाच सुचलं नाही का हो, तिथं थंडी असते म्हणून?"

ताईचं लग्न १९६८ साली ठरलं. चौदा कॅरेटचं बंधन त्याआधीच उठलं होतं. मुलाकडच्यांनी मागितलं काही नाही, पण पाटल्यांचा जोड घालायचा हे बोलण्यात आलं होतं. अण्णांनी पतपेढीतून कर्ज काढलं आणि आईच्या उरलेल्या पाटलीला नवी जोडीदारीण करून घेतली. पण जुनीचं नक्षीकाम सोनाराला काही जमलं नाही. ताईच्या हातात दोन हातांच्या दोन तऱ्हा! तिच्या सासूबाईंनी आल्या-गेल्याला ते दाखवलं. पहिल्या मंगळागौरीलाच कुणीसं म्हणालं, "एक पाटली भाड्याची दिसतेय." ताई माहेरी आली की रडायची आणि म्हणायची, "पाटली आईनं दिली, पण टोमणे मी खाल्ले. देशानं मला काय दिलं?"

या प्रश्नाला आईजवळ उत्तर नव्हतं. ती ताईच्या डोक्याला तेल लावत बसायची.

* * *

मधल्या वर्षांत देशानं घराकडे पुन्हा पुन्हा हात पसरला. १९६५ च्या लढाईच्या दिवसांत शास्त्रीजींनी सोमवारी रात्री जेवू नका असं सांगितलं. आमच्या आईचे सोळा सोमवार चालू होते. दिवसभर उपास आणि संध्याकाळी सोडायचा, तर नेमकं तेव्हाच जेवायचं नाही! शेवटी तिनं महादेवाची क्षमा मागून कपभर दुधावर उपास सोडला.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले. मी तेव्हा पुण्याला वसतिगृहात राहून शिकत होते. त्या नोव्हेंबरपासून पाकिटावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं. सुरुवातीला वेगळं तिकीट छापून झालं नव्हतं, म्हणून कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच 'रिफ्यूजी रिलीफ' असं छापून ते चालवलं होतं. आई पत्रात लिहायची, "पाच पैसे वाढलेत, तेव्हा कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहीत जा." पण त्याबद्दल तिनं कधी कुरकुर केली नाही. म्हणायची, "आपल्या दारात कुणी पोरंबाळं घेऊन उभं राहिलं तर आपण काय हिशेब करत बसतो?"

आणि १९७२ च्या दुष्काळात आपण दुसऱ्याचं खाल्लं. अमेरिकेतून आलेली ती लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळायची. भाकरी थापायला घ्यावी तर कडा फाटायच्या आणि घास घशाखाली उतरायचा नाही. नाकं मुरडली, पण खाल्ली. ज्यांनी ती खाल्ली आहे त्या बाईनं दुसऱ्या देशाला मदत द्यायच्या नावानं एकदम खडे फोडू नयेत, असं मला वाटतं.

आई १९९९ च्या पावसाळ्यात गेली. तिच्या शेवटच्या दोन महिन्यांत कारगिलची लढाई चालू होती. तिला नीट दिसत नव्हतं, टी.व्ही. नुसता ऐकायची. एकदा बातम्या चालू असताना मला जवळ बोलावून विचारलं, "आता तरी पोरांना बूट बरे दिलेत ना गं?" मी म्हटलं, "हो आई, आता सगळं छान असतं." काही माहीत नसताना ठोकून दिलं.

तेराव्यानंतर आवराआवर करताना हळदीकुंकवाच्या डब्यात ही पावती सापडली. ताईनं ती हातात घेतली, वाचली आणि काही न बोलता माझ्याकडे दिली. "तूच ठेव," म्हणाली. "मला नको."

* * *

एवढं सांगून झालं तेव्हा संध्याकाळ झाली होती. नात म्हणाली, "आजी, आज आपण हिशेब बघूच." मी म्हटलं, "बघू. पण लाख कोटी वगैरे मला कळत नाही. शंभर रुपयांचं सांग."

मी संसार केला तो पाकिटांवर. पगार आला की वाण्याचं, दूधवाल्याचं, फीचं, आल्यागेल्याचं, अशी वेगवेगळी पाकिटं. तसंच तिनं कागदावर मांडलं. केंद्र सरकारचा त्या वर्षाचा एकूण खर्च ५० लाख ६५ हजार कोटी. तो शंभर रुपये धरला तर जवळजवळ पंचवीस रुपये आधीच्या कर्जाच्या व्याजातच जातात! मी कपाळाला हात लावला. ऋण काढून सण करणाऱ्या घराचं काय होतं ते आपण सगळ्याजणी जाणतो. मग संरक्षणाचे साडेतेरा रुपये. केंद्राच्या अखत्यारीतल्या पोलीस दलांचे तीन रुपये, ज्यात सीमा सुरक्षा दल आणि राखीव पोलीसही आले. आपल्या चौकीतल्या पोलिसाचा पगार राज्य सरकार देतं, तो यात नाही.

"आणि दुसऱ्या देशांना मदत?" मुलानं विचारलं. तोही आता जवळ येऊन बसला होता.

"सगळ्या देशांना मिळून ५,४८३ कोटी. म्हणजे शंभर रुपयांतले अकरा पैसे, बाबा. हजारातला एक रुपया."

मुलगा गप्प बसला. हजाराच्या बाजारात रुपयाची कोथिंबीर शेजारणीला दिली, असंच म्हणायचं की! बरं, भूतानच्या त्या रकमेतला काही भाग कर्जाऊ असतो. नात म्हणाली, भूतानमध्ये चुखा नावाचं ३३६ मेगावॅटचं वीजघर भारतानं बांधून दिलं, साठ टक्के अनुदान आणि चाळीस टक्के कर्ज देऊन. तिथली जास्तीची वीज आपणच विकत घेतो. शिवाय भूतानच्या पलीकडे चीन. मला एकदम वाड्यातल्या काकू आठवल्या. मागचं दार त्यांच्या खोलीतून होतं. आई त्यांना जपायची त्यात माया होतीच, पण मागचं दार नीट बंद झालंय की नाही हे त्याच रोज रात्री बघायच्या. शेजारधर्म म्हणजे नुसता धर्म नव्हे, त्यात शहाणपणही असतं.

मग संरक्षणाचं पाकीट उघडलं. ६ लाख ८१ हजार कोटींतले १ लाख ८० हजार कोटी विमानं, जहाजं, तोफा अशा नव्या खरेदीला. १ लाख ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनाला. सुमारे ३ लाख १२ हजार कोटी पगार आणि रोजच्या खर्चाला. मुलगा म्हणाला, "पेन्शनलाच एवढे?" मला काही ते जास्त वाटले नाहीत. काकूंच्या त्या लंगड्या मुलानं पेन्शनीवरच दोन बहिणींची लग्नं केली.

"आणि बूट?" मी विचारलं.

* * *

नातीनं बराच वेळ शोधाशोध केली. मग चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ही आता माझ्यासारखंच काहीतरी गोड ठोकून देणार. पण तिनं वाचून दाखवलं.

सरकारच्या खर्चाची तपासणी करणारे कॅग, म्हणजे महालेखापरीक्षक असतात. त्यांचा अहवाल संसदेत ठेवला जातो आणि तो कुणालाही वाचता येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवलेल्या अहवालात त्यांनी लिहिलं होतं की सियाचिन, लडाखसारख्या उंच जागी असलेल्या जवानांना बर्फातले कपडे आणि साहित्य मिळायला उशीर झाला. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात तर बहुउपयोगी बूट आलेच नाहीत आणि वापरलेले बूट दुरुस्त करून पुन्हा घालावे लागले. लष्कराकडून नंतर सांगण्यात आलं की हे जुनं झालं, आता सुधारणा झाली आहे. असेलही. झाली असेल तर आनंदच आहे. पण मी १९९९ साली आईला दिलेलं उत्तर डोळ्यांपुढे आलं आणि घशाशी आवंढा आला.

खोटं उत्तर देण्यापेक्षा "माहीत नाही, विचारून सांगते" असं म्हणायला हवं होतं. पण विचारायचं असतं हेच तेव्हा ठाऊक नव्हतं. आपल्याकडे देशाला द्यायचं म्हटलं की हात आखडायचा नाही, एवढंच शिकवतात. दिल्यावर त्याचं काय झालं हे विचारलं तर लोक संशयानं बघतात. आईनं त्या दिवशी टेबलापाशी दोन्ही केलं होतं. हातातली पाटली काढून दिली आणि पावतीही मागून घेतली. मला लाज वाटली ती पावतीची. आज वाटतं, पाटली देणाऱ्या पुष्कळ होत्या, पावती मागणारी रांगेत ती एकटी होती.

घराजवळच्या सुरक्षिततेचंही तेच. दिल्लीतल्या २०१२ च्या त्या भयंकर प्रकारानंतर २०१३ च्या बजेटात बायकांच्या सुरक्षेसाठी हजार कोटींचा निर्भया निधी काढला. पण पहिली काही वर्षं त्यातले बरेच पैसे खर्चच झाले नाहीत. समईत तेल घातलं आणि वात लावायचीच राहिली! पुढे त्यातून ११२ हा तातडीचा फोन नंबर, बायकांसाठी १८१ ची हेल्पलाईन, संकटातल्या बाईला एकाच ठिकाणी डॉक्टर, पोलीस, वकील यांची मदत मिळावी म्हणून 'सखी' केंद्रं, अशी कामं झाली. हे दोन नंबर फोनपाशी लिहून ठेवा, कामवाल्या बाईंनाही सांगून ठेवा. निधी काढल्याचं आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि हायसं वाटून घेतो. खर्च झाला का, हे विचारायला कुणी जात नाही.

आमच्या गल्लीतल्या दिव्याचं तसंच. नात अभ्यासिकेतून रात्री नऊला येते. चार महिने मी खिडकीत उभी राहून तिची वाट बघत होते आणि मुलगा सरकारला नावं ठेवत होता. दोघांपैकी एकानंही अर्ज केला नव्हता! मग सोमवारी नातीनं अर्ज लिहिला, खाली शेजारच्या अकरा बायकांच्या सह्या घेतल्या आणि जाऊन देऊन आली. दारात पाऊल टाकते न टाकते तोच मी विचारलं, "पोच घेतलीस का?" तिनं पिशवीतून शिक्का मारलेली प्रत काढून माझ्यापुढे नाचवली. दिवा लागायला आणखी पंधरा दिवस लागले, दोन खेपा घालाव्या लागल्या, पण लागला.

* * *

आता राहिली पाटली.

त्या शनिवारी रात्री सगळे झोपले तरी नात जागीच होती. अकराच्या सुमाराला माझ्या खोलीत आली. म्हणाली, "आजी, तो निधी अजून आहे."

मला कळेना. "कुठला गं?"

"राष्ट्रीय संरक्षण निधी. पणजीनं पाटली दिली तो. पंतप्रधान त्याच्या समितीचे अध्यक्ष असतात. लोकांच्या देणग्यांवरच चालतो, बजेटातून त्याला पैसे नाहीत. आणि ऐक, त्यातून माजी सैनिकांच्या मुलांना आणि विधवांना शिष्यवृत्ती देतात, इंजिनिअरिंग, डॉक्टरी अशा शिक्षणासाठी. २०१९ साली ती वाढवली. मुलांना महिना दोन हजारांचे अडीच हजार केले आणि मुलींना सव्वादोन हजारांचे तीन हजार. दहशतवादी आणि नक्षली हल्ल्यात गेलेल्या राज्यांतल्या पोलिसांच्या मुलांनाही त्यात घेतलं."

मी अंथरुणात उठून बसले. आता आईची तेवीस ग्रॅमची पाटली कुठं वितळली आणि कशात मिसळली हे कोण सांगणार! थेंबे थेंबे साचलेल्या तळ्यातला आपला थेंब काही वेगळा काढता येत नाही. पण तळं आटलेलं नाही आणि त्यावर कुणाची तरी लेक पाणी भरतेय, एवढं तर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला फोन केला. ताई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ऐकायला जरा कमी येतं, म्हणून सगळं दोनदा ओरडून सांगावं लागलं. सांगून झाल्यावर पलीकडे काही आवाज येईना. मला वाटलं, फोन कटला.

"किती म्हणालीस?" तिनं विचारलं.

"मुलांना अडीच हजार, मुलींना तीन."

"मुलींना जास्त?"

"हो."

पुन्हा गप्प. मग म्हणाली, "ती पावती नीट आहे ना गं? नुसती डब्यात ठेवू नकोस, कसर लागेल. लॅमिनेशन करून घे." आणि फोन ठेवता ठेवता जरा घुटमळून म्हणाली, "आणि एक झेरॉक्स मला पाठव."